काश्यप गोत्राचे अध्यक्ष

निरोप आला तेव्हा मी वर्गात मुलींची उजळणी घेत होते. माझा भाऊ श्रीनिवास दारात येऊन उभा राहिला... तेव्हाच समजलं, सेतुमामा गेले.

वडील लवकर वारल्यावर आईला आणि आम्हा दोघांना मामांनीच कुंभकोणमला आणलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी लहान असतानाच तापात माझे पाय गेले आणि आईने मला मधल्या खोलीत ठेवून दिलं. तिच्या मनात वाईट नव्हतं. लोकांची कीव तिला सोसवत नसे. मामा रोज ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, ऐकणारं कुणी असो नसो. एका सकाळी ते वाचता वाचता थांबले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे अध्यक्ष असलेले आणि युद्ध संपायच्या आत वारलेले जे गृहस्थ, त्यांच्यावर लेख आला होता. त्यांचेही पाय असेच गेले होते. साध्या खुर्चीला चाकं लावून ते घरात फिरत आणि एवढं राज्य चालवत. मामांनी लेख आईला पुन्हा पुन्हा वाचून दाखवला, मग बसायची खुर्ची उचलून जवळच्या पट्टीश्वरम गावच्या सुताराकडे नेली. ती परत आली सायकलची चाकं लावून. त्या दिवसापासून मामा ओसरीच्या फरशीवर भिंतीला टेकून बसू लागले.

आई म्हणाली, घरात फिरवा, रस्त्यावर नको. तिने त्या लेखावरच बोट ठेवलं: ते अध्यक्षसुद्धा खुर्चीतला फोटो काढू देत नसत. मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"तेनी लपवले, ते तेंचं," ते तमिळ मुलुखातल्या आमच्या मराठीत म्हणाले. "आपण कसाला लपवाचं?"

आणि मला ढकलत, पितळी भांड्यांच्या दुकानांसमोरून, भर बाजारातून शाळेत घेऊन गेले. वाटेत जो टक लावून बघेल त्याला थांबवून तमिळमध्ये अध्यक्षांची गोष्ट ऐकवत होते. त्यामुळे उशीर झाला आणि पहिल्याच दिवशी मला बोलणी बसली. मामांच्या तोंडाला लगाम नव्हता.

पण गावाने हसावं असं त्यांनी केलं ते महालय अमावास्येला, म्हणजे सर्वपित्रीला. कावेरीच्या पायऱ्यांवर सगळ्या पितरांना तिळाचं पाणी देऊन झाल्यावर मामा म्हणाले, आणखी एक आहे, अमेरिकेचे अध्यक्ष. भटजी चिडले. म्लेच्छाला तर्पण? त्याचं गोत्र काय? गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना, असं मामांनी सुनावलं.

"आमच्या पोरीस घराबाहेर काढले तेनी. मग ते आमचेच."

त्यानंतर एकही महालय अमावास्या त्यांनी चुकवली नाही. दूरदेशीच्या त्या माणसाच्या मागे काय काय राहिलं, ते मोठे लोक लिहितील. मला विचाराल तर मी राहिले... आणि माझ्या वर्गातल्या मुली.

यंदाच्या महालयाला मामांनाच पाणी द्यायचं होतं. श्रीनिवास म्हणाला, गर्दी असते, तू घरीच थांब. मी गेले. वरच्या पायरीशी खुर्ची लावून बसले. मामांचं नाव घेतलं गेलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. भटजी दर्भ आवरू लागले.

"भटजी, एक राहिलं," मी वरून म्हणाले.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "काश्यप गोत्र," ते स्वतःच म्हणाले आणि श्रीनिवासच्या ओंजळीत पुन्हा तीळ घातले.

ओसरीच्या भिंतीवर मामांच्या पाठीचा तेलकट डाग अजून आहे. आईने त्यावर चुना लावू दिलेला नाही. सकाळी त्या डागाशेजारी मी खुर्ची लावते आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, ऐकणारं कुणी असो नसो.