धाब्यावरची मधली फट

अमळनेरच्या आमच्या गल्लीत घरांवर कौलं नव्हती, धाबी होती. म्हणजे लाकडावर माती थापलेली सपाट छपरं. दर उन्हाळ्यात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, त्यांच्यावर मातीचा नवा थर चढायचा. जुना कोणी काढत नसे. किस्स्यांचंही तसंच! एकावर एक बसत जातात आणि एखाद्या पावसात अगदी खालचा टपकतो.

*

मी मास्तर म्हणून तिथे गेलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. घरमालकीण अक्कांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातावर चिमूटभर माती ठेवली. मला वाटलं, कुठल्याशा देवाचा अंगारा! मी कपाळाला लावला आणि उरलेला तोंडात टाकला.

अक्का शांतपणे म्हणाल्या, “आते सांगा मास्तर, खारी शे का?”

धाब्याला खारी माती लागते. तिच्यात गवत उगवत नाही, आणि भिजली की भेगा मिटतात. गल्लीत सगळेच ती चाखून घेत.

*

अक्कांचे यजमान भाऊ मात्र दरवर्षी माती टाकायची वेळ आली की म्हणायचे, “यंदा निभून जाईल.” असं दोन-तीनदा निभलं. मग धाब्यावर गवत उगवलं, ते खायला शेजारची शेळी चढली, आणि तिचा एक पाय थेट आमच्या स्वयंपाकघरात! भाऊ घाबरून अंगणात पळाले.

अक्का भाकरी थापता थापता वर बघून म्हणाल्या, “बरं व्हयनं! भोक कोठे शे, ते ते सापडनं!”

*

समोर एक ओव्हरसिअर साहेब राहायचे. त्यांना ही दरवर्षीची कटकट नको होती. त्यांनी धाब्यावर झकास डांबर ओतून घेतलं. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन काय असतं, हे ते विसरले. भर दुपारी वरून काळे थेंब त्यांच्या पांढऱ्या टोपीवर!

बाकीची धाबी गळायची ती फक्त पावसाळ्यात, त्यामुळे भाऊंना आयतीच संधी मिळाली. “सायेब, तुमनं धाबं ते उन्हायामाबी गयस!”

*

पण मला खरी काळजी होती ती नाना आणि आबांची. हे दोघे चुलतभाऊ, एकाच वयाचे. घरं जोडून, मधली मातीची भिंत एकच, दोन्ही धाब्यांची लाकडं तिच्यावरच टेकलेली. पावसाळी पाण्याचं पन्हाळ कोणाच्या अंगणात सोडायचं यावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं. आबा समोर उभे असले तरी नाना म्हणायचे, “मास्तर, आबाले सांगा...”

माती दोघेही टाकायचे, पण आपापल्या हद्दीपर्यंतच. बरोबर भिंतीवर बोटभर फट राहायची. मी दोघांनाही सांगून पाहिलं, की भिंत बसली तर दोन्ही घरं जातील. दोघांचं उत्तर एकच: “पहिले तेले सांगा!”

मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांवर जीवही होता.

*

त्या श्रावणात झड लागली होती. नाना तापाने फणफणलेले, खाट त्याच भिंतीला लागून. मी काढा घेऊन बसलो होतो. पलीकडे आबांच्या घरात गळत होतं, टप टप.

“ऐकी राहिनात ना मास्तर?” नाना म्हणाले. “भिंत पानी पी राहिनी.”

पाऊस कोसळतच होता, आणि टपटप एकदम थांबली.

“आते सारं पानी भिंतमाच मुरी राहिनं!” म्हणत नाना ताडकन उठले. डोक्यावर गोणपाट घेऊन बाहेर धावले, त्यांच्यामागे मी. आबांचं दार ढकललं. भिंत उभी होती. आबा गळतीखाली ठेवलेल्या पातेल्याशेजारी बसले होते, आणि पातेल्यात घडी घातलेलं धोतर होतं.

“टपटप बंद कसाले व्हयनी?” नानांनी धापा टाकत विचारलं.

आबांनी मान वर केली नाही. “मास्तर, नानाले सांगा, तेले ताप शे. आवाजमा झोप कशी लागी? म्हनीसन धोतर टाकेल शे.”

नानांनी डोक्यावरचं गोणपाट काढलं. मग म्हणाले, “मास्तर, आबाले सांगा, पाऊस उघडना का मधली माटी मी टाकसू.”

“मास्तरले कसाले सांगस?” आबा उसळून म्हणाले. “मी आठेच बठेल शे!”