रविवारचे पत्रे

कसबा बावड्यात आमच्या घरांसमोर नवी इमारत उठली आणि मोबाईलची रेंज गेली. तेव्हा शेजारच्यांनी गच्चीवर लोखंडी चौकट उभी केली. ते साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. चौकटीत तेलाच्या डब्यांचे बारा पत्रे बसवले, प्रत्येकाला वेगळी बिजागरी. टॉवरकडून येणारा सिग्नल त्यांवर आपटून नेमका त्यांच्या खोलीत जायचा. परदेशातल्या मुलीशी ते इतक्या मोठ्यानं बोलायचे की मला वाटायचं, रेंजची गरजच काय.

एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात फोन वाजला. मुलाचा होता. खिडकीतून पाहिलं, तर बाराही पत्रे माझ्याकडे वळलेले, आणि शेजारचे ते फिटर पान्हा घेऊन शेवटचा नट आवळत होते.

"अहो, तुमच्या मुलीचा फोन?"

"ती काय आता करत न्हाय, वहिनी. तुमचं पोरगं करतंय की. ऱ्हाऊ दे तिकडंच."

तेव्हापासून पत्रे माझ्याकडेच असतात. फक्त रविवारी सकाळी नऊला, मुलीच्या जुन्या वेळेला, ते गच्चीवर चढतात, एकेक पत्रा स्वतःच्या खोलीकडे फिरवतात आणि खाली जाऊन बसतात. दहाला पुन्हा वर येऊन सगळे माझ्याकडे वळवतात.

मी मुलाला सांगून ठेवलंय, रविवारी दहाच्या आत फोन करू नकोस.