वकिलांचा धुक्यातला फोटो

धुकं फाटायला लागलं होतं आणि वकिलांची मान अजून लोखंडात बसत नव्हती.

मान लोखंडात म्हणजे फाशी नव्हे. आमच्या धंद्यात एक उभी सळई असते, तिला वर चिमटा. गिऱ्हाईक उभं राहिलं की तो चिमटा मानेमागे लावायचा. पुढून दिसत नाही, पण डोकं जागचं हलत नाही. सकाळचा उजेड कमी असतो, म्हणून लेन्सवरची टोपी काढली की बराच वेळ काढून ठेवावी लागते. तेवढ्यात डोकं हललं की चेहरा ओल्या हातानं पुसल्यासारखा येतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, फोटोवाल्याला काम येत नाही.

"अरे पास्कू, टोचतंय हे," वकील म्हणाले.

"टोचू द्या. साहेब लोक टोचून घेतात म्हणून फोटोत ताठ दिसतात."

माझी बायको रोजा हसली. वकिलांची बायको जानकीबाई खाली दगडाकडे बघत होती. तिनं ओठ दाबून धरलेले. तिलाही हसू आलं असणार.

हे कल्याणच्या खाडीवर, दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला. नाताळ होऊन गेलेला, थंडी भरात होती. मी ठाण्याचा, माझं फोटोचं दुकान ठाण्यात. शिकलो फार नाही. मुंबईत एका गोवेकर फोटोवाल्याकडे हरकाम्या होतो, तिथं बघून बघून हात बसला. वकील कल्याणचे. ठाण्याच्या कचेरीतल्या एका मोठ्या साहेबाकडे त्यांचं जाणंयेणं होतं. साहेबाच्या दिवाणखान्यात त्याचा आणि मडमेचा फोटो लावलेला, विलायतेत बर्फात उभं राहून काढलेला. वकिलांनी तो पाहिला आणि सरळ माझ्या दुकानात आले.

"मला तसाच पाहिजे," ते म्हणाले. "मी आणि आमची मंडळी. उघड्यावर, थंडीत."

"कल्याणात बर्फ कुठनं आणू?"

"धुकं चालेल."

"मडमेनं साहेबाच्या दंडात हात घातलेला असेल. तसं करायचं?"

"तसलं काही नको. शेजारी उभी राहील. पुरे झालं."

फोटो साहेबाला भेट द्यायचा होता. सरकारी वकिलाची जागा रिकामी होणार होती, आणि नेटिव माणूस बायकोला बरोबरीनं उभी करतो हे बघून साहेब खूश होणार, असा हिशेब. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, हसत. मला काय, ऑर्डर ती ऑर्डर.

धुक्यात फोटो काढणं सोपं वाटतं, तसं नसतं. धुकं दाट असलं की सगळी काच राखेसारखी होते, माणूस दिसतच नाही. अगदी पातळ झालं की मागची होडकी, चिखल, सगळी घाण दिसते. मधली वेळ धरावी लागते, आणि ती फार टिकत नाही. म्हणून मी आधी एकटा जाऊन जागा बघून आलेलो. पाण्याच्या कडेला काळा दगड होता. त्यावर उभं केलं की पाय कोरडे, आणि पाठीमागे नुसतं पांढरं. जानकीबाईंना निरोप धाडला की फिकं लुगडं नेसू नका, धुक्यात विरून जाल. त्या संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसून आल्या. बरोबर केलं त्यांनी.

कॅमेरा मी पहाटेपासून बाहेर काढून ठेवलेला. घरातल्या उबेतून एकदम थंडीवाऱ्यात आणला की आत कोंडलेल्या उबदार हवेनं लेन्सला आतून दव धरतं. आधी त्यालाही थंड होऊ द्यावा लागतो.

बायकांचं सगळं रोजा बघायची. पुरुष फोटोवाल्यानं "बाई, पदर नीट घ्या" म्हटलं की त्या बाईला घरी गेल्यावर बोलणी बसायची. म्हणून सांगायचं ते रोजानं. ब्राह्मणाघरची बाई असली की लांबून सांगायची, हात लावायचा नाही. आम्ही किरिस्ताव. आमचा हात लागला की त्यांना आंघोळ, आणि तसल्या थंडीत आंघोळ कुणाला हवी?

मान बसली. मी काळ्या कापडात डोकं घातलं. आत काचेवर माणसं उलटी दिसतात, डोकी खाली पाय वर. त्याची सवय होते. फोकस केला. आणि खाडीवरून वारा सुटला.

मी डोकं बाहेर काढलं. "वकीलसाहेब, आज नको. उद्या येऊ. वारा आहे."

"साहेब उद्या रजेवर विलायतेला निघतोय. बोटीवर चढायच्या आत फोटो त्याच्या हातात पडला पाहिजे. आजच काढ."

"पदर हलेल, उपरणं हलेल. मधे नुसता धूर दिसेल."

"ते तू बघ. तुला कशाला बोलावलंय?"

जानकीबाईंनी पदर मुठीत धरला. पण हात थंडीनं इतके कापत होते की वारा बरा म्हणायची पाळी.

"बाय, घट धर," रोजा लांबून ओरडली.

"धरलाय हो. हातच राहत नाहीत."

धुकं चाललेलं. मी वैतागून बोललो, "रोजा, काय तरी कर गो!"

रोजा मिठागरावरच्या घरातली. वाऱ्यावर काही फडफडलं की त्याची टोकं एकमेकांना बांधायची, हे तिच्या हातात लहानपणापासून बसलेलं. ती दगडावर चढली. जानकीबाईंच्या पदराचं टोक घेतलं, वकिलांच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या उपरण्याचं टोक घेतलं, आणि दोघांच्या मधे गच्च गाठ मारली. दोन्ही जागच्या जागी राहिली. वकिलांची मान चिमट्यात, त्यांना खालचं काही दिसलं नाही.

लग्नात भट मारतो ती गाठ. पूजेला नवराबायको बसतात तेव्हा मारतात ती. जानकीबाईंचा हात गाठीवर गेला आणि थांबला.

"सोडू?" रोजानं हळूच विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका."

हे रोजानं मला परतीच्या गाडीत सांगितलं. मला तेव्हा एवढंच दिसलं की पदर थांबला. मी म्हटलं, "श्वास धरा," आणि टोपी काढली. टोपी परत लावून मी चिमटा काढायला जाईपर्यंत रोजानं गाठ सोडलेलीही होती.

काच धुतली तेव्हा बघितलं. वकील चिमट्यात असूनही जरा हललेले. जानकीबाई रेघ न रेघ स्वच्छ. ती लेन्सकडे अशी बघत होती की जणू तिला कुणी पहिल्यांदा नावानं हाक मारलीय. मधे गाठ. मागे पांढरं. चांगला फोटो होता. आजही म्हणतो, चांगला होता.

दगडावरून उतरताना तिनं वकिलांना विचारलेलं, "एक प्रत दादाला जुन्नरला धाडू का?" वकील खुशीत होते. "धाड की!" म्हणाले. मी तीन प्रिंट काढले. वकिलांनी आपला प्रिंट बघितला. पगडी बघितली, कोट बघितला, म्हणाले, "चेहरा जरा पुसट आलाय." खाली नजर गेलीच नाही. गिऱ्हाईक फोटोत आधी स्वतःला बघतं आणि बहुतेक तिथंच थांबतं.

पुढं होळीच्या सुमाराला जानकीबाईंचा भाऊ माझ्या दुकानात आला. फोटो फडक्यात गुंडाळून आणलेला.

"हा यंदाच्या थंडीतलाच ना?"

"होय. का?"

तेव्हा खरी गोष्ट कळली. जानकीला मूल नव्हतं. वकिलांचे वडील, तात्या, मुलाचं दुसरं लग्न ठरवत होते, नाशिकच्या एका घरात. नाशिकवाले म्हणालेले, आम्ही मुलगी सवतीवर देणार नाही. तात्यांनी त्यांना सांगून टाकलं, पहिली माहेरी गेली, कायमची. आणि जानकी तर घरातच, चुलीपाशी. लग्न जमलं की तिला हाकलायची होती. वकिलांना हे सगळं ठाऊक होतं. फोटो काढायला खाडीवर आले तेव्हाही ठाऊक होतं.

"नाशिकचे पाहुणे कल्याणला आलेत," भाऊ म्हणाला. "त्यांच्यासमोर तुम्ही एवढंच सांगा, फोटो यंदाचा आहे. पुढचं मी बघतो."

रोजा म्हणाली, "मी पण येते. जानकी दिसंल तेवढीच."

आम्हाला ओटीवर कोण घेणार? आम्ही खाली अंगणात उभे. तात्या झोपाळ्यावर, नाशिकचे पाहुणे समोर सतरंजीवर, वकील खांबाला टेकून. भावानं फोटो पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ही माझी बहीण. यांची सून. फोटो यंदाच्या पौषातला. हा फोटोवाला, विचारा."

"यंदाचाच," मी म्हणालो.

पाहुण्यांनी फोटो डोळ्याशी नेला. मग तात्यांकडे बघितलं. "तुम्ही तर म्हणालात, गेली माहेरी. इथं गाठ मारून शेजारी उभी आहे. पूजेला बसवताय तिला. मग माझी पोरगी काय भांडी घासायला आणताय?"

त्यांनी पगडीला हात घातला. उठायलाच निघाले. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. रोजानं माझा दंड दाबला. झालं होतं काम.

तेवढ्यात वकील बोलले. "पूजाबिजा काही नव्हती. मी गाठ मारलेली नाही. मला माहीतच नव्हतं."

"मग कुणी मारली?"

तात्या झोपाळा थांबवून म्हणाले, "तिनंच मारली असणार, दुसरं कोण? नवऱ्याच्या नकळत, चोरून. ही असली अवलक्षणी. आता कळलं ना, का नको झालीय ती?"

आणि रोजा पुढं झाली. मी तिचा हात धरायला गेलो, पोचलो नाही.

"अवो, तिनं नाय मारली," रोजा म्हणाली. "मी मारली. वारा होता, पदर उडत होता. तिच्यावर आळ नका घेऊ."

तात्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. "तू कोण?"

"फोटोवाल्याची बायको."

"म्हणजे किरिस्तावणीनं गाठ मारली?" ते सावकाश म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. आवाज एकदम गोड. "बसा हो, बसा. ऐकलंत ना? किरिस्तावणीच्या हातची गाठ मारून घेतली आणि ही तशीच घरात आली. चुलीपाशी गेली, देवापाशी गेली. एक अक्षर बोलली नाही. बाटलेली बाई मी घरात कशी ठेवू? आजच्या आज जाईल."

पाहुणे बसले.

भाऊ ओरडला, "अहो, त्याच गाठीचं दुसरं टोक तुमच्या मुलाच्या खांद्यावर होतं!"

"त्याचं बघू आम्ही. पुरुषमाणसाला प्रायश्चित्त असतं."

वकील खांबाला टेकून नखं बघत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. वकिलांनी पंचगव्य घेतलं, जानवं बदललं, शुद्ध झाले. जानकी त्याच दिवशी भावाबरोबर बैलगाडीत बसली. निघताना रोजा गाडीजवळ गेली. जानकी तिला म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठीच बोललात, मावशी." एवढंच. रोजाला शिव्या चालल्या असत्या. हे नाही चाललं.

वैशाखात वकिलांचं दुसरं लग्न झालं. फोटो काढायला मुंबईहून ब्राह्मण फोटोवाला आणला. सरकारी वकिलाची जागाही मिळाली. साहेबाला फोटो फार आवडलेला, त्यानं विलायतेहून पत्र घातलं म्हणे. तिकडे कुठल्या तरी घरात भिंतीवर असेल तो. लोक बघत असतील, म्हणत असतील, काय प्रेमाचं जोडपं आहे.

रोजानं पुढं फोटोच्या कामाला हात लावला नाही. दुकानात यायची, कोपऱ्यात बसायची. शेवटच्या तापातही तिचं तेच. "अवो, मी गप ऱ्हायले असते तर?"

मी म्हणायचो, "तू गप्प राहिली असतीस तर त्या म्हाताऱ्यानं दुसरं काही शोधलं असतं." खरंच शोधलं असतं. पण तिला ते पटलं नाही. न पटताच गेली. आता घरात मी एकटा, आणि हे कुणाला पटवायचं राहिलेलं नाही.

नवीन पोरं धंदा शिकायला येतात, विचारतात, थंडीत उघड्यावर जोडप्याचा फोटो कसा काढायचा? मी सांगतो, कॅमेरा आधी थंड होऊ दे. बाईला गडद नेसायला सांग. आणि वारा असेल तर गिऱ्हाईक कितीही ओरडो, सामान गुंडाळून घरी जा.