काकूंनी ओवलेली चाकं

सायकलच्या डुगडुगत्या चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्यांना आऊटकाका म्हणत. जन्मात कधी बॅट हातात धरली नाही, तरी नाव हे! पण निम्मं काम काकूंचं असायचं. त्या चाकाच्या मधल्या हबपासून कडेच्या रिमपर्यंत स्पोक ओवायच्या, मग काका चावीने ते ताणून चाक सरळ करायचे. ओझ्याच्या सायकलला जाड स्पोक, शर्यतीच्या सायकलला मधे बारीक होत गेलेले. काकू नुसत्या बोटांनी ओळखायच्या. गप्पा मारता मारता अख्खं चाक ओवून व्हायचं.

साठी उलटली आणि त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव. मग एका चाकात जाड-बारीक स्पोकांची सरमिसळ झाली. "झकास झालंय," काका म्हणाले, आणि त्या आत जाऊन आडव्या झाल्यावर सगळे स्पोक काढून पुन्हा ओवले. पुढे हे रोजचंच झालं. त्या ओवत, काका उसवत.

लेक वैतागली. "बाबा, एकच काम दोनदा कशाला? बसू दे ना आईला घरात."

"घरात बसून काय करेल? चाक हातात असलं की ती जरा पूर्वीसारखी असते गं."

एका दुपारी काकू लवकर उठून दुकानात आल्या. त्यांनीच सकाळी ओवलेलं चाक काका उसवत होते. काकांचा हात जागीच थांबला. काकूंनी वाकून पाहिलं.

"अहो, कुणी ओवलंय हे? लागोपाठचे दोन स्पोक एकाच बाजूला गेलेत."

"नवीन आहे एक. शिकतेय."

"मग ओरडू नका हं तिला. हात बसायला वेळ लागतो."

"नाही ओरडत," काका म्हणाले आणि तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन किती तरी वेळ नळ सोडून उभे राहिले.

पुढे काकू स्पोक मुठीत धरून नुसत्या बसू लागल्या. मग काकांनाच परका माणूस समजून घाबरू लागल्या. गेल्या तेव्हा डोकं काकांच्या मांडीवर होतं, पण मांडी कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काका अजून दुकान उघडतात. पंक्चर काढतात, ब्रेक बसवतात. कुणी चाक ओवायला आणलं, की चौकातल्या दुसऱ्या दुकानाकडे बोट दाखवतात. गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर, "नाही जमत आता," एवढंच म्हणतात आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहतात.