मास्तरांचा ‘टेक’ आणि माझा दोरा

मल्लूमास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रंगखात्यात हौदावर उभा होतो, लाल रंगात सूत बुडवत. निरोप ऐकला, ‘बरं’ म्हणालो आणि उरलेल्या लड्या बुडवल्या. याला तीन आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही. एरवी माझं बोलणं असं, की उजनीचं धरण बांधून व्हायच्या आत मी त्यात पोहून आलोय. आज मात्र फुगवून सांगावं असं काही सुचत नाही…

मास्तर दुधनीचे. घरात कन्नड, शाळेत इंग्रजी, माझ्याशी मराठी. विणकरांची पोरं दरसाल इंग्रजीत नापास झाली, की हे स्वतः नापास झाल्यासारखे दोन दिवस जेवत नसत. दुष्काळाच्या साली त्यांनी ठरवलं, एकच क्रियापद धरायचं, ‘टेक’, आणि त्याचे सगळे उपयोग गोळा करून पोरांसाठी पुस्तक काढायचं. चहा घेणं टेक, बस पकडणं टेक, फोटो काढणं टेक, वेळ लागणं तेही टेक. एकेक उपयोग एकेका चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या भिंतीभर ताणलेल्या सुताच्या दोऱ्याला टाचलेल्या. मी रोज सकाळी जायचो. नेम असा, की नवी चिठ्ठी दिल्याशिवाय चहा नाही.

माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. खऱ्या चिठ्ठ्या आठ दिवसांत संपल्या. मग ठोकून दिलं, की ‘टेक द बफेलो’ म्हणजे दुपारी जेवून आडवं होणं; आगगाडीत एका गोऱ्या साहेबानं सांगितलं आणि कुर्डुवाडीपासून घोरत आला. मास्तरांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, चिठ्ठी घेतली आणि आत वहिनींना हाक दिली, “चहा टाक गं. शंकर लई लांबनं आलाय.”

तिथून पाच वर्षं मी थापाच पुरवल्या. पुस्तक छापायला द्यायची वेळ आली तशी माझी झोप उडाली. पोरं परीक्षेत म्हैस लिहिणार आणि बोट मास्तरांकडे जाणार. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो… आणि मास्तरच गेले.

परवा वहिनींनी बोलावलं. छापायच्या वहीतून निदान माझ्या थापा तरी काढाव्यात, एवढंच मनाशी धरून गेलो. वही शेवटपर्यंत चाळली. म्हैस नव्हती. माझी एकही थाप नव्हती.

“तुमच्या तिकडं हायेत, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. आतल्या खोलीच्या दाराआड एक वेगळा दोरा होता. त्यावर सगळ्या, ओळीनं. “पैल्या दिवशीच कळलं हुतं की त्यांना. मी म्हणलं, तोंडावर सांगा. तर म्हणाले, सांगितलं तर यायचा बंद हुईल.”

वहिनींनी चहा आणून ठेवला. सवयीनं हात खिशात गेला, चिठ्ठी नव्हती. वहिनींकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं: सुतानं रंग धरला, की इंग्रजीत त्यालाही टेकच म्हणतात. रंगाच्या डब्यावरच्या माहितीपत्रकात हे रोज डोळ्यांसमोर होतं, थापांच्या नादात आणायचं राहिलं. रंग धरायला वेळ लागतो. हौदातून काढल्याबरोबर कळत नाही.

चिठ्ठी खरी होती. तरी दाराआडच्या दोऱ्यालाच टाचली, म्हशीच्या शेजारी. मग चहा घेतला.