पुढे ओढलेली सीट

बिरवाडीचा मेकॅनिक सुदाम उतेकर ताडमाड उंच. शाळेत तो माझ्या यजमानांचा विद्यार्थी. हे गेल्यानंतर सावित्री नदीला आलेल्या पुरात ह्यांची गाडी भिजली. तेव्हापासून ती सुरू होऊन लगेच बंद पडायची. मुलगा रविवारी तिला भंगारात देणार होता.

सुदामने हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढली, तर इंजिन चालूच राहिले.

“सेन्सरच चुकीचं सांगतोय, बाई. आत सावित्रीचा गाळ हाय.”

स्प्रे मारून त्याने तो साफ केला आणि मला घेऊन दासगावपर्यंत गेला. हे ठेंगणे होते. सुदामचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते.

“अरे, सीट मागे घे की.”

“नको. सरांनी लावलेली हाय, तशीच ऱ्हाऊ दे.”

घरी येऊन मी मुलाला फोन केला, “रविवारी नुसता जेवायला ये.”