नीलिमाचे चारपायी सोबती

माझ्या मैत्रिणीच्या, नीलिमाच्या नवऱ्याचा, विनायकरावांचा फोन आला तेव्हा मी भाट्याच्या पुलावर रिक्षात होते. खाडीवरून वारा इतका जोरात येत होता की पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात भावोजी?" मी ओरडूनच विचारलं. पलीकडून शांत आवाजात पुन्हा तेच शब्द आले, "नीलिमा गेली. झोपेतच." रिक्षावाल्याला वळायला सांगितलं आणि मग बराच वेळ आपण कुठं चाललोय हेच मला कळेना...

आता त्याला काही आठवडे झाले. नीलिमा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. खरं तर दोन विभागांचा एकमेकांशी संबंध येण्याचं कारण नव्हतं. पण एक दिवस ती आमच्या खोलीत आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला एक नाव हवंय." फुलपाखरांचं एक मोठं कुळ आहे. त्यांच्या पायांची पुढची जोडी आखडून छातीशी गेलेली असते, तिच्यावर केस असतात, अगदी छोट्या कुंचल्यासारखे. चालायला त्या पायांचा उपयोग नाही, म्हणून पाय दिसतात चारच. मादी मात्र अंडी घालण्याआधी त्यांनी पानावर टकटक करते आणि पान आपल्या पिलांच्या उपयोगाचं आहे की नाही ते चवीनं ओळखते. "पुस्तकात 'कुंचलपाद' म्हणतात. पोरांची जीभ अडखळते. मी 'चारपायी' म्हणू का?" मी म्हटलं, "अगं, चारपायी म्हणजे खाट!" ती इतकी हसली की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. पण नाव तिनं तेच ठेवलं. पुढं तिचे विद्यार्थी परीक्षेत 'कुंचलपाद' लिहायचे आणि बोलताना 'खाटवाले' म्हणायचे.

तिच्यामुळे मला कळलं की वर्गीकरण म्हणजे कपाटात डबे लावून ठेवणं नव्हे. रुईच्या पानांवर वाढणारे, पक्ष्यांना कडू लागणारे कडवे आणि संध्याकाळी सावलीतून उडणारे तपकिरी ही पूर्वी वेगवेगळी कुळं मानली जात. रंग वेगळे, उडणं वेगळं, खाणं वेगळं. नंतर अभ्यासकांनी त्यांना एकाच कुळात आणून बसवलं आणि त्यांची उपकुळं केली. नीलिमाला याचं फार अप्रूप होतं. "रंगावर जाऊ नकोस," ती मला सांगायची, "रंग फसवतो. छोट्या चांदव्याची मादी बघ, हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. स्वतः कडू नाही, पण पक्षी घाबरून तिला सोडून देतात." मग तिचा नर दाखवायची. काळ्या मखमली पंखांवर चंद्रासारखे पांढरे ठिपके आणि त्यांच्या कडेनं निळसर झळाळी. "हा एकच जागा धरून बसतो. कुणी आलं की हुसकावतो आणि फिरून तिथंच येऊन बसतो."

विनायकराव रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेले. मोजकं बोलणारे. फुलपाखरांचं त्यांना काही कौतुक नव्हतं. बायको बागेत ओणवी असली की ते ओसरीवर पेपर वाचत. आमच्या पिढीत नवऱ्याला नावानं, एकेरी हाक मारणाऱ्या बायका थोड्या. नीलिमा त्यातली. "विनायक, चष्मा आण रे माझा," ही हाक आमच्या आळीत सगळ्यांच्या ओळखीची होती.

ती कॉलेजातून निवृत्त झाली आणि थोड्याच काळात तिला पक्षाघाताचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, पण शब्द गेले. तिला सगळं समजायचं, पण बोलायला गेली की ओठ नुसते हलायचे. इस्पितळात तिला कप, कंगवा, किल्ली अशी चित्रं दाखवत. ती बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. जन्मभर नावं शोधण्यात गेलेल्या बाईला कपाला कप म्हणता येऊ नये... मला तिथं बसवत नसे. एका सकाळी मी उशाशी बसले होते आणि ती खिडकीकडे बघत एकदम म्हणाली, "कड...वा." विनायकराव धडपडत उठले. "औषध कडू लागतंय का गो?" तिनं चिडून मान हलवली. मी खिडकीपाशी गेले. कुंपणावरच्या घाणेरीवर एक बिबळ्या कडवा पंख उघडून बसला होता.

त्यानंतर तिचे शब्द परत आले, पण तिच्याच क्रमानं. कडवा, भिरभिरी, तपकिरी. पाणी, मीठ, चादर बऱ्याच नंतर आले. 'विनायक' काही येईना. ते रोज तिच्यासमोर बसून छातीवर हात ठेवून विचारत, "मी कोण?" ती त्यांचा हात धरायची, डोळ्यांत पाणी आणायची, पण नाव नाही. एकदा व्हरांड्यात ते मला म्हणाले, "किडामुंगीची नावं आठवतात तिला..." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याकडे तिची फुलपाखरांची पुस्तकं कुठं मिळतील म्हणून विचारलं.

ते शिकले. या वयात, तिच्याशी बोलता यावं एवढ्यासाठी. भाट्याच्या सुरूच्या बनात दोघं सकाळी जात. तिच्या काठीच्या बेतानं ते चालत आणि दिसेल ते फुलपाखरू वाकून बघत. "अगो, कीटकाला पाय सहाच असतात," ते म्हणत. ती हट्टानं चार बोटं वर करायची. मग तेच पुढची आखडलेली जोडी शोधून काढत आणि म्हणत, "हं, जिंकलीस."

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. ते औषधं आणायला गेले होते. नीलिमा सारखी दाराकडे बघत होती. "चांदवा?" तिनं मला विचारलं. मी अंगणात जाऊन बघून आले. काहीच नव्हतं. तेवढ्यात फाटक वाजलं, विनायकराव आत आले आणि तिनं त्यांच्याकडे बोट करून समाधानानं म्हटलं, "चांदवा." पिशवी हातात तशीच धरून ते उभे राहिले. "फिरून तिथंच येऊन बसतो, तो ना?" त्यांनी विचारलं. तिनं मान डोलावली. ते आत पाणी प्यायला गेले, ते बऱ्याच वेळानं बाहेर आले.

पुढं बऱ्याच महिन्यांनी, भाजी निवडता निवडता ती अगदी स्वच्छ म्हणाली, "विनायक." ते घाबरून धावत आले. "काय झालं? कुठं दुखतंय?" मग दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघं हसत सुटली. हे त्यांनीच मला सांगितलं. नाव परत आलं होतं, पण शेवटपर्यंत तिनं हाक मारली ती चांदवा म्हणूनच.

परवा त्यांच्याकडे गेले. ओसरीच्या कठड्यावर बशीत पिकून मऊ पडलेल्या पपईची फोड होती. यातल्या कितीतरी फुलपाखरांना मधापेक्षा सडकं फळ आवडतं, म्हणून नीलिमा ती ठेवायची. आता ते ठेवतात. ऊन उतरलं तसा एक तपकिरी आला आणि पंख मिटून वाळक्या पानासारखा बशीच्या काठावर बसला. विनायकरावांनी मला चहा दिला. मी कप खाली ठेवायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. "हळू," ते कुजबुजले, "तिचं खाणं चाललंय." ती म्हणजे बशीवरचं फुलपाखरू, ती मादी होती, हे मला क्षणभरानं कळलं. अंधार पडेपर्यंत कप मी हातातच धरून बसले.